मुकुलचं पडसं

रेणुकादासने टीव्हीच्या मागे हात घालून केबलची पिन ओढून काढली. पडद्यावर मुंग्या सुरू झाल्या. मग त्याने ती पिन परत भोकाशी नेऊन नुसती टेकवून ठेवली, म्हणजे कुणी डोकावलं तर लावलेलीच वाटावी. हाताची धूळ पायजम्याला पुसली आणि वर्तमानपत्र उघडून खुर्चीत बसला. चोरीची सवय नसलेल्या माणसाला चोरी करून झाल्यावर काय करायचं ते कळत नाही. तो जरा जास्तच ताठ बसला होता, आणि वर्तमानपत्र कालचं होतं.

इरा आली ती नेहमीसारखी पळतच. चौथीतली पोर. गल्लीच्या तोंडाशी आली की तिच्या पाण्याच्या बाटलीचा खडखडाट घरात ऐकू यायचा. तिने दारात चपला भिरकावल्या, पण दप्तर मात्र भिंतीला लावून नीट ठेवलं आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली.

"बाबा, हे काय?"

"केबल गेली."

"कालबी गेली होती."

"मग? नांदेडहून तार येती लोह्यापर्यंत. मधी कुठं तुटली असंल."

"सकाळी तर चालू होती की," प्रेमला स्वयंपाकघरातून म्हणाली. "भजनं लागली होती."

"सकाळी असंल. आता गेली."

हायस्कूलात मराठी शिकवणाऱ्या माणसाला दोन वाक्यं कुठेही सुचतात. खोटी असली तर जरा लवकरच सुचतात.

इरा उठली नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले, तशी ती त्या मुंग्यांकडे बघत नेहमीच्याच जोरात ओरडली, "ठेवलं!"

रेणुकादासने पान उलटलं. पलीकडच्या पानावर काय होतं ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

'दप्तर ठेवा बाजूला' हा कार्यक्रम नांदेडच्या मन्मथशेठच्या केबल चॅनलवर रोज लागायचा. मन्मथशेठचं चॅनल म्हणजे एका लॉजच्या वरच्या मजल्यावरची खोली, एक कॅमेरा, एक निळा पडदा आणि दिवसभर साड्यांच्या दुकानांच्या नाहीतर क्लासच्या जाहिराती. त्यातला हा अर्धा तास मात्र जिल्ह्यातल्या पोरांचा होता. शिवगंगाताई नावाची चष्मेवाली, लांब वेणीची मुलगी स्टुलावर बसलेली असायची. समोर फोन. त्याची वायर आखूड, म्हणून बोलताना ती कायम एका अंगाला कललेली दिसायची. पोरांचे फोन यायचे. ती आधी विचारायची, "दप्तर ठेवलं का बाजूला?" फोनवरचं पोरगं ओरडायचं, "ठेवलं!" आणि ज्यांचा फोन लागलेला नसे ती आपापल्या घरात ओरडायची. पुढे काहीही बोलावं. शेळी व्याली, बाई रागावल्या, पेन हरवला. देगलूरकडची पोरं बोलता बोलता तेलुगूत शिरायची, तेही तिला चालायचं. अभ्यासाचं काही विचारायचं नाही, एवढा एकच नियम. आणि फोन ठेवायच्या आधी ती न चुकता विचारायची, "आज कुणाची आठवण आली?"

हा प्रश्न का, ते तिने एकदा सांगितलं होतं. ती लातूरकडची, किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. भूकंप झाला तेव्हा इराएवढीच होती. पत्र्याच्या शेडमध्ये लोक यायचे, घोंगड्या द्यायचे, बिस्किटं द्यायचे आणि घरातले किती गेले ते विचारायचे. तुला कुणाची आठवण येते गं, असं मात्र कुणी विचारलं नाही. हे तिने हसत हसत सांगितलं आणि पुढचा फोन घेतला.

रेणुकादासला ती आवडायची. ती शुद्ध बोलत नाही, पण खोटं बोलत नाही, असं तो स्टाफरूममध्ये म्हणालासुद्धा होता.

इराला आठवण यायची ती मुकुलची. मुकुल तिचा मोठा भाऊ. दहावीला त्याला भरपूर मार्क पडले आणि तिथेच त्याचं भवितव्य ठरलं. त्या दिवसांत पोराला असे मार्क पडले की आईबाप त्याला नांदेडला नाहीतर लातूरला नेऊन क्लासला घालत, आणि जो घालत नसे त्याला चारजण "का हो सर, काही अडचण हाय का?" असं विचारत. रेणुकादासला कुणी विचारू नये म्हणून असेल, किंवा पोराने खरंच डॉक्टर व्हावं म्हणून असेल, जूनमध्ये तो मुकुलला नांदेडला खोलीवर सोडून आला. रोज पहाटे प्रेमला डबा करायची. रेणुकादास तो पिशवीत घालून स्टँडवर पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या मागे ठेवायचा. तिथे अशा पिशव्यांची रांगच असायची, प्रत्येकीवर ऑइल पेंटने पोराचं नाव. डबा गाडीने जायचा, रिकामा डबा गाडीने यायचा. पोरगं तेवढं येत नव्हतं.

रविवारी सकाळी मुकुलचा फोन यायचा. आधी बाबा, मग इरा, शेवटी आई, असा क्रम होता. रेणुकादासने रिसीव्हर कानाला लावला की पलीकडून आधी काहीच यायचं नाही. मग यायचं, "बाबा, मला न्या." मग रडणं. मोठ्याने नाही. दात आवळून, मध्ये श्वास अडकत.

"होईल सवय," रेणुकादास भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणायचा. "सगळ्यांना होतंय असं सुरुवातीला."

इरा टाचा उंच करून रिसीव्हरला बाहेरून कान लावून उभी असायची. प्रेमलाच्या हातात रिसीव्हर जाईपर्यंत पोराचं रडून संपलेलं असे आणि नाक चोंदलेलं.

"आवाज कसा रे असा बसलेला?" तिने पहिल्या रविवारीच विचारलं होतं.

"पडसं झालंय त्याला," रेणुकादास इकडून म्हणाला. "तिथलं पाणी बाधलं असंल."

तेव्हापासून डब्यात सुंठ, मिरे आणि तुळशीची पुडी जायला लागली. सुंठ रेणुकादासच कुटून द्यायचा. कुटताना त्याला वाटायचं, एवढ्या खोट्याने कुणाचं काय वाईट होणार आहे? उलट सुंठ पोटात जातेच आहे.

मग एका संध्याकाळी इराचा फोन लागला. कितीतरी दिवस ती नंबर फिरवत होती आणि कायम एंगेज मिळत होता. प्रेमला हात पुसत बाहेर आली, शेजारच्या दोघीजणी दारात उभ्या राहिल्या. सगळं छान चाललं होतं. इराने मांजराचं सांगितलं, शाळेतल्या हापशाचं सांगितलं.

"आणि आज कुणाची आठवण आली?" टीव्हीतून शिवगंगाताईने विचारलं.

"मुकुलदादाची."

"कुठं असतो दादा?"

"नांदेडला. क्लासला."

"अरे, म्हणजे माझ्या शेजारीच की! काय करतो मग दादा इथं?"

"रडतो."

शेजारणी हसल्या. टीव्हीतली शिवगंगाताई हसली नाही.

"फोनवर रडतो," इरा म्हणाली. "आई म्हणती पडसं झालंय. पडसं न्हाई ते. मला ऐकू येतं."

"कुठल्या क्लासला हाय गं दादा?"

इराने क्लासचं नाव सांगितलं. सगळं नाव, 'प्रायव्हेट' आणि 'अकॅडमी'सकट, न अडखळता. तेच नाव त्या वेळी पडद्याच्या तळाशी लाल पट्टीवर पळत होतं, कारण कार्यक्रमाचे प्रायोजक तेच होते. शिवगंगाताईने एकदा खाली बघितलं. तिथे तिला ते दिसत असेल किंवा नसेल. मग ती आणखी जरा कलून फोनमध्ये म्हणाली, "इरा, बाबांना म्हणावं, ताईनं सांगितलंय, दादाला दोन दिवस घरी आणा. पडसं असलं तरी आणा, नसलं तरी आणा."

फोन ठेवल्या ठेवल्या प्रेमलाने इराच्या पाठीत धपाटा घातला. "साऱ्या जिल्ह्यापुढं दादाची अब्रू घालवलीस! पडसं झालंय म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

इराने बापाकडे बघितलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. रेणुकादास पाणी प्यायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत फोन आला. मुख्याध्यापकांनी शिपाई पाठवून रेणुकादासला बोलावून घेतलं. पलीकडे क्लासचे संचालक गुरुबसप्पा सर होते. रेणुकादासला वाटलं, आता हा माणूस आपल्याला फाडून खाणार. पण त्यांचा आवाज प्रसादाच्या शिऱ्यासारखा होता.

"सर, पोरगं हुशार हाय तुमचं. वरच्या बॅचला घ्यावं म्हणून राहिलो आम्ही. तिथली पोरं सगळी मेडिकलला जातेत, तुम्हाला तर माहीतच हाय."

"तुमची कृपा, सर."

"कृपा कशाची. आणि ते टीव्हीचं मनावर घेऊ नका. लहान लेकरू हाय. लेकराला काय कळतंय? पण ती बाई. आधीच शिकवून ठेवतेत म्हणं, काय बोलायचं ते. तिनंच बोलायला लावलं असंल, न्हाई का?"

मुख्याध्यापक समोर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता मध्येच थांबला. रेणुकादासला दिसत होतं ते एवढंच: वरच्या बॅचची खोली, तिथला पंखा आणि त्याखाली मुकुल.

"हाव सर," तो म्हणाला. "तसंच असंल."

अडकित्ता पुन्हा चालू झाला. गुरुबसप्पा सरांनी प्रकृतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. वर्गाकडे जाताना रेणुकादासने स्वतःला समजावलं की हे काही खोटं बोलणं नव्हे, मोठ्या माणसाच्या बोलण्याला मान डोलावणं आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला बरंच वाटलं. त्याने नववीच्या वर्गाला दोन कविता एकदम शिकवल्या.

पुढे काही दिवसांनी शाळेसमोरच्या हॉटेलात तो चहा पीत होता. टीव्ही चालू होता, साडेपाच झाले होते, आणि निळ्या पडद्यापुढे टाय लावलेला एक तरुण फळ्यावर झटपट गुणाकार करून दाखवत होता. खाली तेच लाल पट्टीवरचं नाव.

"ती पोरांची बाई?" रेणुकादासने विचारलं.

"कालच काढली म्हणं," हॉटेलवाला कपबशा विसळत म्हणाला.

रेणुकादासने चहा तसाच ठेवला आणि घरी आला. त्याचं नशीब की इरा तेव्हा मावशीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा टीव्हीच्या मागे हात घातला.

पण घरात टीव्ही एकट्या पोरीचा नसतो. पिन तो रात्री सगळे झोपल्यावर परत लावायचा, त्यामुळे प्रेमलाच्या रात्रीच्या मालिका बुडाल्या. नायिकेला विष दिलं की नाही तेच तिला कळेना, आणि शनिवारी दुपारी तिने अजीजला फोन लावला. अजीज लोह्यातली केबल बघायचा. पक्कड आणि वायरचं भेंडोळं घेऊन तो आला, आधी गच्चीवर गेला, मग पत्र्यावर, मग खांबाकडे बघून आला, आणि शेवटी टीव्हीच्या मागे वाकला.

"भाभी, पिनच निघाली की हो!" तो हसत म्हणाला. "उंदरानं ओढली काय?"

"आणि मी तुम्हाला पत्र्यावर चढवलं!" प्रेमलाही हसली. "बसा, चहा टाकते."

ती आत गेली तसा अजीज रेणुकादासच्या खुर्चीजवळ येऊन खाली बसला. आवाज उतरवून म्हणाला, "सर, इराला कळलं का ताईचं?"

"हळू बोल. न्हाई."

"माझ्या अर्शियानं तर जेवण सोडलं होतं. किती समजावलं. इराला तेवढं सांगू नको म्हणून बजावलंय तिला." अजीज भेंडोळ्याची वायर बोटाला गुंडाळत होता. "क्लासवाल्यानं जाहिरात बंद करतो म्हणून सांगितलं. मन्मथशेठ तरी काय करणार? पण शेठ वर काय म्हणले माहीत हाय का? म्हणले, पोरीच्या बापानंच कबूल केलं, ताईनं शिकवून बोलायला लावलं म्हणून."

रेणुकादासने मांडीवरचं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं.

"मी म्हणलं, शेठ, सरांला मी ओळखतो. सर असलं बोलणार न्हाईत. क्लासवाल्यानंच थाप मारली असंल तुम्हाला." अजीजने वर बघितलं. "म्हणलं का न्हाई बरोबर?"

"कुठं हाय ती आता?"

"गेली गावाकडं. भाऊ आला होता न्यायला. जाता जाता तुमच्या इराचं विचारून राहिली होती. म्हणली, अजीजभाई, त्या लेकराला घरी बोलणी तर न्हाई ना बसली माझ्यामुळं?"

आत दूध उतू जाण्याचा आवाज झाला आणि प्रेमलाने गॅस बंद केला.

"न्हाई बसली, म्हणून सांग," रेणुकादास म्हणाला.

चहा आला. अजीजने बशीत ओतून घाईघाईने घेतला, कारण त्याला पुढे दोन घरी जायचं होतं. रेणुकादासच्या चहावर साय धरली. अजीज आपल्यावर विश्वास ठेवून गेला, याचा त्याला एवढा त्रास झाला की तो दारापर्यंत पोचवायलाही उठला नाही. अजीजने शिव्या दिल्या असत्या तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

टीव्ही आता छान चालू होता आणि साडेपाचला थोडाच वेळ होता. परत पिन काढता येणार नव्हती. रेणुकादासने मनातल्या मनात वाक्यं लावून बघितली. ताईला दुसरी चांगली नोकरी लागली. ताई आजारी पडली. ताईचं लग्न ठरलं. हे शेवटचं त्यातल्या त्यात बरं होतं. लग्न म्हटलं की पोरी पुढचं विचारत नाहीत, साडीचं विचारतात.

इरा खेळून आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. "ये इकडं," तो म्हणाला आणि शेजारची जागा हाताने झाडली. तिचा गुडघा नव्याने फुटला होता. आत प्रेमलाने पोळ्या लाटायला घेतल्या होत्या.

"केबल आली ना? अजीजकाका गेले आत्ता."

"आली. पण शिवगंगाताई आता येणार न्हाई टीव्हीवर."

"आज?"

"आजबी. पुढंबी."

इराने जरा विचार केला. "आजारी हाय?"

"न्हाई."

"लग्न झालं तिचं?"

त्याला जे हवं होतं ते तिनेच त्याच्या हातात आणून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. शाळेच्या ऑफिसात तो असंच हो म्हणाला होता, आणि ते किती सोपं होतं ते त्याला आठवलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तिला काढलं."

"काढलं म्हंजे?"

"नोकरीवरून काढलं. उद्यापासून येऊ नको म्हणले."

"काय केलं तिनं?"

"काही न्हाई केलं."

"काही न करता कसं काढतेत?" इराने गुडघ्यावरचा हात उचलला. तिचा आवाज बारीक झाला. "माझ्यामुळं का? मी क्लासचं नाव घेतलं म्हणून?"

"न्हाई, बाळा. तुझ्यामुळं न्हाई. अजिबात न्हाई."

"मग कुणामुळं?"

तोंडात शब्द आला होता. तो लहानसाच होता. रेणुकादासने तो गिळला आणि म्हणाला, "मोठ्या माणसांमुळं. तिनं तुला शिकवून बोलायला लावलं, असं म्हणले ते."

मोठी माणसं म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. त्याला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची शरम वाटली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला, पण ती दुसरीकडेच बघत होती. समोरच्या घरातून कार्यक्रम सुरू झाल्याचं संगीत आलं आणि त्यामागून टायवाल्या पोराचा आवाज. इरा ओरडली नाही. ओठ मात्र हलले.

तिने गुडघ्यावरची माती बोटाने झाडली. मग एकदम तिचा चेहरा खुलला.

"बाबा, मी मन्मथकाकांना फोन करते. दिवसा तेच उचलतेत, अर्शिया म्हणली होती. मी नीट सांगते त्यांना, म्हंजे घेतील ना ताईला परत?"

"काय सांगणार?"

"थांबा, म्हणून दाखवते."

ती ओट्यावरून खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. टाचा जुळवल्या, हात बाजूला सरळ. असं उभं राहायला त्यानेच शिकवलं होतं. वक्तृत्व स्पर्धा आली की तो तिला भाषण लिहून द्यायचा, याच ओट्यावर बसून पाठ करून घ्यायचा, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, शेवटच्या बाकावरच्याला ऐकू गेलं पाहिजे. तालुक्यात पहिला नंबर कधी चुकला नव्हता. आज मात्र भाषण तिचं तिनेच रचलं होतं.

"माननीय मन्मथकाका," तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. "माझा दादा रडत नाही. त्याला पडसं झालं आहे. शिवगंगाताईने मला काहीही शिकवलं नव्हतं. मी माझ्या मनानेच खोटं बोलले. यात ताईची काही चूक नाही. तरी तिला परत घ्यावे, ही नम्र विनंती. धन्यवाद."

ती कुठेही अडखळली नाही. शेवटी मान लववली, तीही त्याने शिकवली होती तशीच, घाई न करता. मग पुढे येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली आणि भाषण झालं की नेहमी विचारायची तसं तिने विचारलं, "बरोबर आलं का, बाबा?"

रेणुकादासने चष्मा काढला. उपरण्याच्या टोकाने पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिला. आपण एवढ्या दिवसांत आपल्या पोरीला काय शिकवलं, हे त्याला आत्ता कळलं, आणि ती किती चांगलं शिकली तेही कळलं.

"चुकलं," तो म्हणाला.

"कुठं?" इरा हिरमुसली. "मी थांबले ना सगळीकडं?"

"थांबलीस. पहिलंच वाक्य चुकलं." त्याने चष्मा पुसणं थांबवलं. "रडतो तो. तू सांगितलं ते खरं होतं. दादा रडतो, इरा."

तिने त्याच्याकडे बघितलं. आपल्याला चिडवतायत की काय, ते आधी पाहून घेतलं. मग ती मागे सरकली, पुन्हा टाचा जुळवल्या. चुकलं की पहिल्यापासून म्हणायचं, हाही त्याचाच नियम.

"माननीय मन्मथकाका," ती म्हणाली, आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबली. मग शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझा दादा रडतो."

आत लाटणं थांबलं. पोळी तव्यावर करपल्याचा वास यायला लागला तरी ती कुणी उलटली नाही.

रेणुकादास उठला, चष्मा हातातच धरून, आणि प्रेमलाला सगळं सांगायला आत गेला.